घमापुरच्या छतावरून

घमापुर, जबलपूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. अवंतिका बेटा,
सप्रेम जयभीम.

मी भैयालाल गजभिये, अश्वजीतचा बाप. अंत्यसंस्काराच्या दिवशी तू सगळ्यांच्या मागे, युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टात भिंतीला टेकून उभी होती. मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. कोणाशीच बोललो नाही म्हण. राग मानू नको.

हा म्हातारा पत्र काहून लिहून राहिला, फोन काहून नाही करत, असं तुला वाटेल. फोनवर माझ्याच्यानं बोलणं होत नाही. पोराचं नाव घेतलं की फोन नुसता हातात राहते आणि समोरचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत बसते. दुसरं म्हणजे आमचं घर दोन खोल्यांचं. या खोलीत मी खोकललो तर त्या खोलीतून भीमा पाण्याचा गिलास घेऊन हजर. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून कागद बरा. तुमच्या फ्लाइंग स्कूलचा पत्ता राखीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, काढून दिला. पत्र तीच टाकेल.

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी मी खाली नळाचं वॉशर बदलून राहिलो होतो. भीमा छतावर मुगाच्या वड्या घालत होती. विमानाचा आवाज आला. छोट्या विमानाचा आवाज आमच्या घरात कोणाला सांगावा लागत नाही. एवढ्यात वरून भीमाची हाक आली, "अहो, या! लवकर या!" मी पाना हातात घेऊनच वर पळालो. तोवर विमान डुमना विमानतळाकडे वळलं होतं. मला फक्त शेपूट दिसलं. भीमा म्हणाली, पंख हलवले. अश्वजीत हलवायचा तसे.

बेटा, त्या दिवशी भीमा पोटभर जेवली. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वरून भात. पोरगा गेल्यापासून ती नुसता चहा आणि बिस्किटावर होती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग मीही जेवलो.

कोण होतं ते? तू होती का? तू असशील तर काय म्हणू, थँक यू फार छोटं पडते. दुसरं कोणी असेल तर त्याला सांग, भैयालालनं हात जोडले. आणि इकडची फेरी असेल तेव्हा पुन्हा यावं, एवढंच.

एक विनंती आहे. भीमाला याबद्दल फोन करू नको. तुमच्या स्कूलचं नाव निघालं की तिला आवरत नाही. जे सांगायचं ते मला लिही.

तुझा,
भैयालाल काका


सेमरखेडी हवाईपट्टी
१ मार्च २०२५

आदरणीय काका,
जयभीम.

मीच होते. तुमचं पत्र ऑफिसच्या शिपायानं हातात दिलं आणि पाकिटावर 'गजभिये' वाचून मी तिथेच खुर्चीत बसले. वाचायला संध्याकाळ लागली.

एकवीस डिसेंबरला तो दुरुस्ती झालेलं विमान एकटाच परत आणत होता आणि सेमरखेडीच्या अलीकडे हरभऱ्याच्या शेतात पडला. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं आहे काका, की आता ते बातमीसारखं तोंडातून निघतं. का पडला, त्याची चौकशी चालू आहे. लोक आपापले अंदाज सांगतात, मी तिथून उठून जाते.

आम्ही दोघं इथे शिकवायला एकाच महिन्यात लागलो, हे तुम्हाला माहीत आहे. मी नागपूरची, तो जबलपूरचा. त्याचं मराठी ऐकून मी पोट धरून हसायची. तो मला भोंगा म्हणायचा, मी त्याला जबलपुरी खड्डा. पोरांना घेऊन जबलपूरकडे लांबची फेरी निघाली की ती त्यालाच हवी असायची. एकदा मी मागच्या सीटवर होते. घमापुर जवळ आलं तसा तो शिकाऊ पोराला म्हणाला, "अब पाँच मिनट चुप. माझी माय छतावर आहे." मग पंख हलवले. मी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय रे? म्हणाला, "तुझ्या पुस्तकात नसेल. माझ्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे."

त्या रविवारी ती फेरी माझ्याकडे आली. मला वाटलं, त्याचं एक काम राहून गेलंय, ते आपण करावं. आम्हा पायलट लोकांत कोणी गेलं तर सलामी देतात. मोठ्या माणसांना बंदुकांची मिळते, मी माझ्या कुवतीची दिली. छतावर हिरवी साडी दिसली. पंख हलवले आणि मला पुढचं काही दिसेना. सोबतच्या मुलीला म्हटलं, आता तू चालव. ती बिचारी घाबरून माझ्याकडेच बघत होती.

इथे लोक मला हळूच विचारतात, तुमचं काही ठरलं होतं का? नव्हतं हो काका. आम्ही मित्र होतो. पण आई-बापाला, बायकोला रडायचा हक्क असतो, मित्राला लोक म्हणतात, चल आता, कामाला लाग. मी लागले कामाला. त्याच्या खुर्चीवर मात्र अजून कोणी बसत नाही, आणि कोणी बसलं तर मी भांडेन.

मी नऊ आणि सोळा तारखेला पुन्हा येतेय. काकूंना सांगा मी आहे म्हणून. त्या जेवल्या हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मीही मेसमध्ये जाऊन दोनदा भात घेतला.

तुमची,
अवंतिका


घमापुर
१८ मार्च २०२५

चि. अवंतिका,
जयभीम.

दोन्ही रविवारी तू आली. जिती रह बेटा.

आमच्या घरात उजेड पडला, दुसरा शब्द नाही. भीमा सकाळपासून चुलीपाशी. कधी कढी, कधी भरीत. मीही दाढी करायला लागलो. परवा सराफ्यातून येताना गणपत भेटला, माझा लहान भाऊ. म्हणाला, "दादा, तुझ्या तोंडावर रंगत आली."

आता एक गोष्ट सांगतो, जी पहिल्या पत्रात सांगायला पाहिजे होती. तू नाराज होशील म्हणून दाबून ठेवली. भीमाला मी तुझं नाव सांगितलं नाही. तिला वाटते, विमानात अश्वजीत आहे.

हसू नको, आणि रडूही नको. पूर्ण वाच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते की पेटी उघडू नका, बघण्यासारखं नाही. आम्ही नाही उघडली. बंद पेटी आणली, बंद पेटीच नेली. आता ती म्हणते, ज्याचं तोंड पाहिलं नाही तो मेला कसा? दुसऱ्याच कोणाचं असेल. मी तिला काय जवाब देऊ? फिटर माणूस मी, जे हातानं चाचपून पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही हे फॅक्टरीत शिकलो. तिचं बोलणं मला खोडता येत नाही.

रविवारी ती त्याचं ताट वाढून ठेवते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम राहिलाच आहे. विहारातले लोक दोनदा विचारून गेले. ती म्हणते, जित्या माणसाचं पुण्यानुमोदन करतेत का? फोटो मढवून आणला होता, तोही पेटाऱ्यात ठेवला, हार घालू देत नाही.

मला समजते बेटा, हे बरोबर नाही. पण ती जेवून राहिली. छतावर जाते, केस विंचरते, हसते. यात कोणाचं काय बिघडते, सांग? एक आंधळं माणूस हात धरून चाललं तर चालू द्यावं. तू फक्त येत राह.

तुझा,
काका


सेमरखेडी
२२ मार्च २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी येणार नाही.

मी सलामी दिली होती. तुम्ही तिचं सोंग केलंत, आणि मला त्या सोंगातलं पात्र केलंत, मला न विचारता. एक आई छतावर उभी राहून मेलेल्या मुलाला हात करते आणि वर मी बसलेय! काका, मी दोन्ही वेळा खुशीत होते हो. मला वाटलं, काकू मला हात करताहेत.

तुम्ही म्हणता, कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं आहे. त्या दिवशी सगळ्यात आधी शेतात पोचलेल्या माणसांत मी होते. जास्त लिहीत नाही, तुम्ही बाप आहात. त्याचे बूट मी ओळखले. आम्ही दोघांनी नागपूरला सीताबर्डीवर एकाच दिवशी घेतले होते, त्याची लेस तो नेहमी दोन गाठी मारून बांधायचा. दोन गाठी होत्या. तो गेला आहे काका. दुसरं कोणी नव्हतं.

पुण्यानुमोदन राहिलंय म्हणता. मग त्याला निरोप कोण देणार? तो असा अर्धवट लटकून राहावा का, ना घरात ना बाहेर? मी त्याची मैत्रीण आहे, मला हे बघवत नाही.

मला काकूंना भेटू द्या. मी येते, त्यांच्या पायाशी बसते आणि सगळं सांगते. त्या मला मारतील तर मारू देत. तुम्ही फक्त हो म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर मी येणार नाही, घर तुमचं आहे. पण वरूनही येणार नाही.

अवंतिका


घमापुर
२ एप्रिल २०२५

अवंतिकास,

तू मोठी पायलट. आम्ही जमिनीवरची माणसं. तुझं ज्ञान तुझ्याजवळ ठेव.

दोन रविवार गेले. भीमा उन्हात उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. ताट तसंच राहिलं. संध्याकाळी कुत्र्याला टाकलं. राखी कॉलेजातून येते आणि आमच्या दोघांची तोंडं बघून परत बाहेर जाते. हे पाहिजे होतं का तुला? सत्य सत्य करून राहिली. सत्य कुटून चटणी होत नाही बेटा, पोटात काही जात नाही त्यानं.

तुला पोर होईल तेव्हा समजेल. ज्याचं जळते त्याला कळते.

लिहिताना पेन ठेवलं, फिरून आलो. वरचं खोडत नाही, पण राग शांत झाला. मला माफ कर. तू त्याला शेतात पाहिलं हे मला माहीत नव्हतं. कोवळ्या पोरीच्या डोळ्यांनी ते पाहायला नको होतं. मी बाप असून पाहिलं नाही, दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून राहिलो. पाय उचलले नाहीत.

शेवटचं मागतो. चौदा एप्रिलला जयंती आहे. आमच्या गल्लीतून रॅली निघते. अश्वजीत पायलट झाल्यापासून दर जयंतीला वरून जायचा, आणि अख्खी गल्ली मान वर करून बघायची. निळे झेंडे, ढोल, आणि वर आपला पोरगा. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, आपल्यातला पहिला. या वर्षी वर कोणी नसलं तर ते आभाळ मी कसं बघू?

एकदा ये. त्याच्यानंतर मी स्वतः भीमाला खरं सांगीन. जबान देतो.

भैयालाल


सेमरखेडी
१६ एप्रिल २०२५

आदरणीय काका,
जयभीम.

मी आले होते. तुम्ही पाहिलंच.

येणार नव्हते. तुमचं पत्र खिशात घेऊन फिरत होते. तुम्ही चिडलात त्याचं काही वाटलं नाही, आमच्याकडे तर याहून जास्त चिडतात. पण 'पाय उचलले नाहीत' हे वाचलं आणि माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. चौदाला जबलपूरची फेरी दुसऱ्याच्या नावावर होती, ती मागून घेतली.

वरून सगळं दिसत होतं. रस्ताभर निळं. तुमची गल्ली मला आता पाठ आहे, पाण्याची टाकी, मग पिंपळ, मग तुमचं छत. मी पंख हलवले. आणि काका, मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

छतावर एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट. दोन्ही हातांनी निळा गमछा हलवत होता, इतका, की मला वाटलं कठड्यावरून खाली जाईल. ते तुम्ही होतात. हिरवी साडी छतावरच्या टाकीच्या सावलीत बसली होती. मी वळून पुन्हा आले. तुम्ही छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विमानामागे पळालात. हिरवी साडी जागची उठली नाही. तिनं हात वर केला नाही.

परतीच्या वाटेवर मी तुमची पत्रं आठवत होते. तुम्ही लिहिलं होतं, काकू म्हणतात, ज्याचं तोंड पाहिलं नाही तो मेला कसा. तुम्ही लिहिलं होतं, फोटो काकूंनी पेटाऱ्यात ठेवला, पुण्यानुमोदनाला काकू नाही म्हणतात. काका, रागावू नका. मी लेकीसारखी विचारते. अश्वजीत जिवंत आहे असं त्या घरात नक्की कोणाला वाटतं?

तुम्हाला कमी लेखत नाही. मीसुद्धा परवा मेसमध्ये दोन चहा सांगितले. एक त्याचा.

पंधरा मेला मी हैदराबादला जातेय, मोठ्या विमानाच्या ट्रेनिंगला. ती विमानं पंख हलवत नाहीत, आणि घमापुरावरून जातही नाहीत. म्हणजे आता इथून पुढे मी येऊ म्हटलं तरी येऊ शकणार नाही. तुम्ही जबान दिली आहे. काकूंना सांगा. किंवा आधी स्वतःला सांगा.

तुमची,
अवंतिका


घमापुर, जबलपूर
२७ एप्रिल २०२५

चि. अवंतिकाला
भीमाबाईचा जयभीम आणि खूप आशीर्वाद.

मी सातवीपर्यंत शिकली, हिंगणघाटला. लिहायची सवय गेली, अक्षर वाकडं येईल. राखीला मराठी वाचता येते पण लिहायचं म्हटलं की हिंदीत घुसते, म्हणून मीच बसली.

तुझं पत्र आलं तेव्हा हे खाटेवर बसून वाचत होते. वाचलं आणि तसंच धरून बसले. मी विचारलं, कोणाचं? संध्याकाळी माझ्या हातात दिलं. म्हणाले, "घे, तूच वाच. ह्या पोरीनं वरून पाहिलं, मला खाली राहून दिसलं नाही." मग तुझी आधीची पत्रंही दिली. सगळी वाचली.

बेटा, तुला एक गोष्ट सांगते, जी मी कोणाला सांगितली नव्हती. पेटी उघडली होती.

दवाखान्यात ह्यांचे पाय गेले, तेव्हा गणपत भाऊजी ह्यांना धरून बाहेर बसले. आत सहीला मी गेली. मी तिथल्या माणसाला म्हटलं, भाऊ, मी जन्म दिला आहे, मला दाखव. तो नाही म्हणाला. मी उठलीच नाही. मग त्यानं दाखवलं. तोंड मी पाहिलं नाही, त्यानं कपडा टाकून ठेवला होता, आणि मीही तो काढ म्हटलं नाही. डावा हात पाहिला. मनगटावर स्टोव्हचा डाग होता. चौथीत होता तेव्हा मला ताप आला, म्हणून अश्वजीत, आमचा बाबू, स्वतः चहा करायला गेला होता, तेव्हाचा. मी त्या डागाला हात लावला आणि बाहेर आली. ह्यांना सांगितलं, उघडू देत नाहीत. सांगितलं असतं तर ह्यांनी रोज विचारलं असतं, कसा दिसत होता. आणि मला रोज सांगावं लागलं असतं.

म्हणजे शेतात तू पाहिलं, दवाखान्यात मी. आपण दोघीच.

तरीही पहिल्या रविवारी मी धावली. खोटं नाही बोलत. एवढं हातानं चाचपून आलेली मी, आणि आवाज ऐकला तशी वड्यांच्या ताटात पाय देऊन धावली. तेवढा वेळ मला पोरगा होता. तुझं ते देणं मी विसरणार नाही.

दुसऱ्या वेळी कळलं. बाबू एकदाच हलवायचा. एकदा इकडे, एकदा तिकडे, की चालला. लाजायचा, लोक बघतेत म्हणून. तू किती वेळ हलवत होती! मी मनात म्हटलं, हे दुसऱ्या कोणाचं तरी लेकरू आहे, आणि ते रडून राहिलं.

मग सांगितलं काहून नाही? ह्यांच्यासाठी. पेटी गेल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. आंघोळ नाही, दाढी नाही. मी जेवत नव्हती ते खरं, पण मी जेवली तेव्हा हे जेवले. पहिल्या रविवारी ह्यांनी मला विचारलं, "भीमे, तोच होता ना?" मी हो म्हणाली. बस, तिथून सुरू झालं. तोंड न पाहिलेला मेला कसा, हे ते म्हणायचे, मी मान हलवायची. फोटो त्यांनी पेटाऱ्यात ठेवला. विहारातल्या लोकांना मी चहा दिला आणि हे म्हणाले, जित्याचं करतेत का. ताट मात्र मीच वाढायची. ते मला वाढायचंच होतं.

त्यांना माहीत होतं तू आहेस. पत्रं तर त्यांनीच लिहिली ना? पण छतावर गेले की विसरायचे, जिना उतरले की आठवायचं. माणूस असं करू शकते बेटा. तू त्यांना खोटारडा समजू नको. तुझ्यावर रागावलेलं पत्र टाकून आले त्या दिवशी जेवले नाहीत. राखीला म्हणाले, परक्याच्या पोरीला उगाच बोललो.

जयंतीच्या दिवशी ते गमछा घेऊन पळत होते आणि मी विमानाकडे पाहिलंच नाही. मी त्यांच्या पायाकडे बघून राहिली होती. कठडा बुटका आहे. एक पोरगा आभाळातून गेला, आता नवरा छतावरून जाईल, असं वाटलं. तेव्हाच ठरवलं होतं, आता पुरे. पण जीभ उचलेना. तुझ्या पत्रानं काम केलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना डागाचं सांगितलं. आधी म्हणाले, कोणता डाग? मग म्हणाले, डावा की उजवा? मी म्हटलं, डावा. अवंतिका, पोरगा गेल्यापासून हा माणूस पहिल्यांदा रडला. एवढा मोठ्यानं की खालचे शर्मा जी धावत वर आले. मला म्हणाले, "तू एकटी घेऊन बसली होती?" मी म्हटलं, तुम्हीही तर एकटेच पळत होते. मग आम्ही दोघं मिळून रडलो. राखी आमच्या दोघांमध्ये येऊन बसली, लहान होती तेव्हा बसायची तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो काढला. स्वतः खिळा ठोकला. बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, थोडा बाजूला. तीनदा उतरवून सरळ केला. फिटर आहेत, वाकडं चालत नाही. हार अजून घातला नाही. तो बुद्धपौर्णिमेला घालायचा आहे, बारा मेला. त्याच दिवशी पुण्यानुमोदन ठेवलं. गल्ली येईल, विहारातले येतील, तुमच्या स्कूलचे कोणी येतील तर येऊ दे.

तू ये. तू हैदराबादला जाणार ते वाचलं. मोठी विमानं चालव, बाबूलाही चालवायची होती. पण जायच्या आधी ये. तू लिहिलं की मित्राला रडायचा हक्क नसते. ये, माझ्या घरी जागा आहे. तुझ्या काकांची इच्छा आहे की पहिला हार तू घालावा. ते म्हणतात, मी लिहीत नाही, मला लाज वाटते, तूच लिही. म्हणून लिहिलं.

विमानानं येऊ नको. पंख हलवायचे नाहीत आता. खाली दाराशी हाक दे आणि जिन्यानं ये. ताट वाढलेलं असेल, ह्या वेळी कुत्र्याला जाणार नाही. जिना अंधारा आहे आणि वरची चौकट ठेंगणी. बाबूचं डोकं दर वेळी लागायचं.

तू वाकून ये.

तुझी,
भीमाकाकू